पहिल्या पगाराचा हिशेब

पूर्वी एखाद्याचा मुलगा नोकरीस लागला की शेजारीपाजारी 'महिना किती?' असे विचारीत. आता 'पॅकेज किती?' असे विचारतात. दोन प्रश्नांत केवळ बारापटींचा फरक आहे असे वरवर वाटते; वस्तुतः तो त्याहून अधिक आहे. महिन्याचा पगार हा वाणी, दूधवाला आणि वीजबिल यांच्या मापाचा आकडा होय. वर्षाचे पॅकेज हा लग्नकार्यात, जिन्यावर आणि नातेवाइकांच्या मेळाव्यात सांगावयाचा आकडा होय. संसार पहिल्या आकड्यावर चालतो, पण अपेक्षा मात्र दुसऱ्यावर पोसल्या जातात. आणि या दोहोंत जे अंतर पडते त्यातून पुष्कळ घरांत आज मनस्ताप उत्पन्न होत आहे. मुलगा म्हणतो, 'एवढ्याशा पगारावर जाऊ कसा?' बाप म्हणतो, 'एवढे शिकवले ते यासाठीच का?' आणि आई बिचारी दोघांची ताटे वाढीत असते.

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिकचे इंदिरानगर ही फार सोयीची वस्ती आहे. मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगास वसलेल्या या भागात मोठे श्रीमंत थोडे आणि अगदी निर्धनही थोडे. येथील पुष्कळ सदनिका अंबड व सातपूर येथील कारखान्यांच्या पगारावर, ओझरच्या विमान कारखान्याच्या पगारावर, नाशिकरोडच्या मुद्रणालयाच्या किंवा बँकेच्या आणि शाळेच्या पगारावर हप्ते फेडून उभ्या राहिल्या आहेत. ज्यांनी त्या घेतल्या त्यांची मुले आणि मुली आता नाशिकच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडतात. सकाळी इंदिरानगरच्या बोगद्याशी वाहनांची जी दाटी होते तीत अंबडकडे वळणारा बाप आणि मुलाखतीस निघालेला मुलगा हे दोघेही सापडतात. बोगदा दोघांचा एकच; पण दोघांची पगार मोजण्याची पट्टी मात्र एक नव्हे.

बापाची पट्टी कोणती, हे प्रथम पाहिले पाहिजे. चलनी नोटांचे मुद्रणालय नाशिकरोडला १९२८ साली सुरू झाले, ओझरचा विमान कारखाना १९६४ सालचा. त्यानंतर सातपूर व अंबड येथे मायको म्हणजे आजची बॉश, महिंद्र, सीमेन्स, एबीबी इत्यादी कारखाने नांदले. या सर्व ठिकाणी पगार ठरण्याची रीत सामुदायिक होती. सरकारी नोकरास वेतन आयोग, कामगारास संघटनेने केलेला करार. एकदा आत शिरलेल्या मनुष्याची श्रेणी ठरलेली, वाढ ठरलेली, महागाई भत्ता ठरलेला. त्यामुळे पहिला पगार हा पुढील पगारांचा पाया असून तो पक्का असलाच पाहिजे, ही या पिढीची समजूत अनुभवातूनच बनलेली आहे. आजही केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या श्रेणीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासूनच्या दराने, १८,००० रुपये आहे. १ जुलै २०२५ पासून लागू झालेला ५८ टक्के महागाई भत्ता त्यात मिळविला की २८,४४० रुपये होतात. नाशिकसारख्या शहराचा वीस टक्के घरभाडे भत्ता धरला तर बेरीज ३२,०४० रुपयांवर जाते. चार वर्षे अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाच्या हाती पहिल्या महिन्यात याहून कमी पैसे पडतात, हे पाहून बापास धक्का बसला तर त्यात नवल ते काय?

परंतु धक्का बसला म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीत पगार ठरविणारा ना आयोग असतो ना संघटना. तेथे प्रत्येक उमेदवाराचा सौदा एकट्याचा असतो, आणि ज्या जागेस शंभर अर्ज येतात त्या जागेचा भाव चढत नाही. देशातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या नवख्या अभियंत्यास २०१२ च्या सुमारास वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास देत. २०२४ साली सर्वसाधारण भरतीचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच होता. मधल्या काळात भाव मात्र थांबले नाहीत. २०१२ साली जो ग्राहक किंमत निर्देशांक १०० धरला गेला, तो २०२४ अखेरीस १९० च्या वर गेला. साधे त्रैराशिक मांडले तर २०१२ च्या सव्वातीन लाखांची बरोबरी करण्यास २०२४ साली सहा लाखांच्या वर हवे होते. म्हणजे आकडा किंचित वाढला आणि त्याचे मोल जवळजवळ निम्म्यावर आले.

इतकेच नव्हे, तर लिहून दिलेला आकडाही नेहमी टिकतो असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रो कंपनीने साडेसहा लाखांचा देकार दिलेल्या उमेदवारांना साडेतीन लाखांवर रुजू होण्यास तयार आहात काय, अशी विचारणा केल्याचे देशभर गाजले. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंट कंपनीची वर्षास २ लाख ५२ हजारांची जाहिरात लोकांच्या थट्टेचा विषय झाली. ती तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी असून अभियंत्यांना चार लाखांपासून पुढे दिले जाते, असा खुलासा कंपनीला करावा लागला. या गोष्टी सांगण्याचा हेतू कोणास दोष देण्याचा नव्हे. पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांत जर ही स्थिती, तर नाशिकसारख्या मध्यम शहरात पहिल्याच वर्षी सात-आठ लाखांची आस धरणे म्हणजे बाजारात तुरी असता घरात डाळीवरून भांडण मांडणे होय.

मग नाशिकमध्ये धरावे तरी किती? त्याआधी येथे कोणत्या प्रकारचे काम मिळते ते पाहावे. पहिला प्रकार परदेशी कंपन्यांचे हिशेब, विमा, ग्राहकसेवा इत्यादी कामे येथे बसून करणाऱ्या मोठ्या कार्यालयांचा. त्यास संगणकाचे सखोल ज्ञान लागतेच असे नाही. दुसरा, दहा-वीस ते शंभर-दीडशे माणसांच्या लहान सॉफ्टवेअर संस्थांचा. यांस काम तुकड्यातुकड्यांनी मिळते, त्यामुळे पगारही हात राखून दिला जातो. तिसरा, माहिती साठविण्याच्या केंद्रांचा व त्यांच्या देखभालीचा. सातपूरला असे केंद्र उभे आहे. चौथा, कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रे, त्यांचे नियंत्रक व त्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या कामाचा. या चारही ठिकाणी नवख्या पदवीधराने वर्षास दोन ते साडेतीन लाख हा पल्ला मनात धरून चालावे, आणि तीन वर्षे मन लावून काम केल्यावर चार ते सात लाख. त्याहून अधिक मिळाले तर आनंद मानावा. पण त्यावर आधीच घराचे हप्ते बांधू नयेत. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईचा पगार घेऊन इंदिरानगरच्या घरी बसून काम करणारे तरुण दिसू लागले, त्यावरून पुष्कळांची कल्पना झाली की आता पगारास गाव राहिले नाही. पुढे अनेक कंपन्यांनी माणसे कचेरीत परत बोलाविली. आणि ज्यांना घरी राहू दिले ते बहुधा अनुभवी होते, नवखे नव्हते.

आता त्या वर्षाच्या आकड्यातून महिन्याच्या हाती काय उरते, ही वजाबाकी प्रत्येक घराने एकदा तरी मांडून पाहावी. समजा, पॅकेज ३ लाख ६० हजारांचे आहे. बाराने भागले की महिना ३०,००० येतो. हाच पगार, असे समजून घरची मंडळी पेढे वाटतात. परंतु या तीस हजारांत कंपनीने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाचा वाटाही धरलेला असतो. मूळ वेतन १५,००० मानले तर बारा टक्क्यांनी तो १,८०० होतो. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, तरतूद सुमारे ७२० रुपये. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग पाच टक्के मानला तर १,५०० रुपये वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. सामुदायिक विम्याचे ४८० धरावे. राहिले २५,५००. यातून नोकराचा स्वतःचा निधीतील वाटा १,८०० आणि व्यवसायकर २०० वजा जाता हाती २३,५०० रुपये पडतात. प्राप्तिकराची भीती येथे नाही. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत पगारदारास पावणेतेरा लाखांपर्यंत कर द्यावा लागत नाही.

ही वजाबाकी पाहून निराश होण्याचे कारण नाही, कारण कापलेले सर्वच पैसे बुडालेले नसतात. निधीचे पैसे पुष्कळ अंशी त्याच्याच नावावर साठतात. उलट, 'आमच्याकडे काहीही कापत नाही, सगळा पगार रोख हाती' असे जी लहान संस्था अभिमानाने सांगते तिच्याविषयी अधिक सावध असावे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या संस्थेस भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू आहे. दहा किंवा अधिक माणसांच्या संस्थेत एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्यास राज्य विमा योजनेचे संरक्षण असते. अठरा हजारांच्या पगारावर त्याचा नोकराचा हिस्सा अवघा १३५ रुपये, आणि घरात आजारपण आले तर त्याचे मोल कळते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी आणखी एक दंडक घातला आहे, तो हा की नाना भत्त्यांच्या नावाखाली वेतनाचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून खाली नेता येत नाही. नेमणुकीचे पत्र हाती आले की पहिल्या पानावरील मोठ्या आकड्यावर नजर न खिळविता शेवटच्या पानावरील हा तक्ता वाचण्याची सवय लावून घ्यावी.

यापुढचा प्रश्न गावाचा. नाशिकचे वीस हजार घ्यावे की पुण्याचे बत्तीस हजार, यावर घराघरांत रात्री बारापर्यंत खल चालतो. येथेही वजाबाकीच कामास येते. पुण्यास भागीत घेतलेल्या खोलीचे भाडे ९,०००, खानावळीचे ६,०००, जाण्यायेण्याचे २,५००, महिन्याकाठी घरी येण्याचे १,५०० आणि किरकोळ ४,००० मानले तर २३,००० खर्च होऊन ९,००० शिल्लक राहतात. नाशिकला घरी राहून मुलाने घरखर्चास ६,००० दिले, पेट्रोलास १,५०० आणि किरकोळीस ३,५०० लागले, तर ११,००० जाऊन शिल्लक तेवढीच, ९,००० रुपये! बारा हजारांचा जो फरक कागदावर एवढा मोठा दिसत होता, तो महिन्याच्या अखेरीस उरतच नाही.

यावरून नाशिक स्वस्त, म्हणून कमी पगारही पुरेसा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. नोकरी देणारे तो आवर्जून काढतात. 'घर तर गावातच आहे ना, मग एवढ्यात भागेल की,' असे मुलाखतीत सहज बोलले जाते. परंतु या वाक्यात एक फसगत आहे, आणि ती फसगत हाच या सर्व हिशेबातील कळीचा मुद्दा होय. मुलाने घरात सहा हजार दिले तरी त्याचे राहणे सहा हजारांत होत नसते. ज्या खोलीत तो झोपतो तिचे भाडे द्यावे लागत नाही, कारण बापाने वीस वर्षे हप्ते फेडून ती खोली आधीच विकत घेतलेली असते. त्याचे दोन वेळचे जेवण खानावळीच्या भावाने पडत नाही, कारण करणारीचे श्रम हिशेबात धरलेले नसतात. म्हणजे मध्यम शहरातील अल्प पगाराचा उरलेला भाग कंपनी देत नसून मुलाचे आईबाप देत असतात. इंदिरानगरातील एका निवृत्त होऊ घातलेल्या कामगाराची सदनिका ही कोणा लहानमोठ्या सॉफ्टवेअर संस्थेस दरमहा मिळणारी एक अदृश्य देणगी आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

ही गोष्ट ओळखली की तीन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. पहिली ही की, ही देणगी कायमची नव्हे. खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारास कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून जे मिळते ते फार थोडे असते. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची किमान मर्यादा ठरली ती महिना अवघी एक हजार रुपये. बापाचा पगार थांबला की घराचा भार उलट दिशेने फिरतो, आणि जो पगार कालपर्यंत एकट्यास पुरत होता तो तिघाचौघांस पुरवावा लागतो. दुसरी ही की, ज्याचे घर नाशिकला नाही त्यास हा हिशेब मुळीच लागू पडत नाही. सुरगाण्याहून, कळवणहून किंवा येवल्याहून आलेला मुलगा पाथर्डी फाट्याजवळ एक खाट भाड्याने घेऊन राहतो. त्यास अठरा हजारांत महिना काढावयाचा, गावी पैसे पाठवावयाचे, आणि मुलाखतीत 'घर गावातच आहे ना' हे वाक्य ऐकावयाचे. त्याने पुण्याची वाट धरली तर त्यास उतावळा म्हणणे अन्यायाचे होईल.

तिसरी गोष्ट मुलींची. तिच गुणांची, तिच पदवीची मुलगी असली की पुष्कळ घरांत म्हणतात, 'पंधरा हजार तर पंधरा हजार. घराजवळ आहे, तिचा हातखर्च सुटला म्हणजे झाले.' भावाच्या पगारास संसाराची पट्टी आणि बहिणीच्या पगारास हातखर्चाची पट्टी, हा भेद नोकरी देणाऱ्यास आयताच फायद्याचा पडतो. जी घरे स्वतःस सुशिक्षित म्हणवितात त्यांनी तरी मुलीच्या नेमणूकपत्राची वजाबाकी त्याच काटेकोरपणे केली पाहिजे.

तर मग कमी पगाराची नोकरी घेऊच नये काय? तसे नव्हे. ती घ्यावी, परंतु मुदत ठरवून आणि मोबदला ओळखून घ्यावी. पहिल्या दोन-तीन वर्षांत पगाराखेरीज आणखी एक वेतन मिळत असते, ते म्हणजे विद्या. आणि ती बरोबर नेता येण्याजोगी आहे की नाही यावर सारा हिशेब अवलंबून आहे. वीस हजारांवर लागलेल्या मुलाचा पगार वर्षास आठ टक्क्यांनी वाढला तर तीन वर्षांनी तो २५,२०० च्या घरात जातो. वीस टक्क्यांनी वाढला तर ३४,५०० च्या वर. प्रारंभ एकच, पण चक्रवाढीने तीनच वर्षांत नऊ हजारांचे अंतर पडते. म्हणून मुलाखतीच्या वेळी पहिल्या आकड्यावर दोन हजारांसाठी घासाघीस करण्यापेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत: हाताखाली शिकविणारा अनुभवी माणूस आहे काय? गेल्या दोन वर्षांत येथे लागलेल्या मुलांचा पगार आता किती आहे? काम स्वतः रचावयाचे की दुसऱ्याने रचलेले केवळ तपासावयाचे? पगार कोणत्या तारखेस होतो? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण ज्याचे उत्तर देताना समोरचा घुटमळतो त्या ठिकाणी पुष्कळ काही कळून येते.

या बाबतीत नाशिकच्या तरुणाजवळ एक ठेवा आहे, ज्याची किंमत त्याला स्वतःलाच बहुधा ठाऊक नसते. अंबड आणि सातपूर त्याच्या दारात आहेत. संकेतस्थळे रचणारे देशात ठायीठायी आहेत, परंतु यंत्र पाहिलेला आणि त्या यंत्राचा नियंत्रक समजणारा संगणक अभियंता विरळा. जो मुलगा सकाळी कारखान्याच्या पट्ट्यावर उभा राहू शकतो आणि दुपारी त्याच पट्ट्याची माहिती संगणकावर मांडू शकतो, तो भावासाठी शंभर जणांच्या रांगेत उभा राहत नाही. बापाने ज्या कामात आयुष्य घालविले त्याची बैठक मुलास घरबसल्या मिळालेली असते; ती जुनाट समजून टाकून देण्यात शहाणपण नाही.

दोन धोक्यांची सूचना मात्र अवश्य दिली पाहिजे. करारनाम्यात अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास इतके पैसे भरीन, असे लिहिलेले असते; 'असली कागदपत्रे कोर्टात टिकत नाहीत' असे म्हणून तरुण त्यावर डोळे झाकून सही करतात. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन लाख रुपयांची अशी अट वैध ठरविली आहे. ते प्रकरण सरकारी बँकेचे होते हे खरे; तथापि सहीला किंमत असते, एवढा बोध सर्वांनीच घ्यावा. दुसरा धोका नोकरी लावून देण्यासाठी किंवा 'प्रशिक्षणा'साठी आगाऊ पैसे मागणाऱ्यांचा. पगार देणारा पगाराआधी पैसे मागत नाही. जो मागतो त्याचा धंदा नोकरी देण्याचा नसून उमेदवारांचाच असतो. मूळ प्रमाणपत्रेही कोणाच्या कपाटात ठेवण्यासाठी देऊ नयेत.

शेवटी कर्जाविषयी. पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले तर हप्ता सुमारे ६,६०० रुपये पडतो; पंधरा वर्षांची मुदत घेतली तर सुमारे ५,४०० रुपये. वर दाखविलेल्या नऊ हजारांच्या शिल्लकेतून तो भागतो, पण मग शिल्लक म्हणण्याजोगे फारसे उरत नाही. यास्तव हा हिशेब पदवी हाती पडल्यावर नव्हे, तर बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरतानाच मांडावयाचा असतो. शुल्काचा आकडा ठरविताना पुढील पॅकेजच्या जाहिरातीकडे न पाहता, जो पहिला पगार या शहरात खरोखर हाती पडतो त्याकडे पाहावे. महाविद्यालयाच्या फलकावर झळकणारे सर्वांत मोठे पॅकेज एकाच मुलाचे असते. कर्जाचा हप्ता मात्र प्रत्येक मुलाच्या दाराशी येतो.

नेमणूकपत्र येईल त्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून चार आकडे कागदावर मांडावेत: महिन्यास हाती किती, खर्च जाता शिल्लक किती, यात घराने सोसलेला भाग किती, आणि तीन वर्षांनी किती होण्याचा संभव. चौथ्या आकड्यापाशी काही काळ थांबून मगच होकार किंवा नकार द्यावा. एवढे केल्यावर अठरा हजारांची नोकरीही ताठ मानेने घेता येते आणि चाळीस हजारांचीही शांतपणे नाकारता येते. आणि ज्या पित्यास पगाराचा आकडा ऐकून धक्का बसला होता त्यासही निदान हे कळते की मुलगा कमी मोलाचा ठरलेला नाही, त्याचा बाजार निराळा आहे.